दोन सारखे प्लेअर

थोरल्या जाऊबाई शिलाई मशीन दुरुस्त करत. वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मशीन बिघडलं नव्हतं, आणि हे त्या दिवसातून निदान एकदा तरी सांगत. त्यामुळे धाकटी आपला गाण्यांचा प्लेअर नाचवत म्हणाली, "जाऊबाई, नवीन फर्मवेअर टाकलंय, आता माझा ठरल्या वेळी आपोआप बंद होतो," तेव्हा त्यांना ते चांगलंच लागलं.

दोघींचे प्लेअर एकाच दुकानातले, एकाच निळ्या रंगाचे.

"फर्मवेअर म्हणजे आतली अक्कलच ना? मग तुझ्याची माझ्यात घालते."

"अगं, दोन्हींच्या पाठीवरचे नंबर बघ," जाऊबाईंचा नवरा पेपरामागून म्हणाला. "शेवटचा आकडा वेगळा आहे. चालेलच असं नाही."

"वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनला मी एकच बॉबिन केस बसवते. एका आकड्याचं काय घेऊन बसलात!"

धाकटी स्वयंपाकघरात गेली. जाऊबाईंनी आपला प्लेअर कॉम्प्युटरला लावून त्यात धाकटीच्या फर्मवेअरची फाइल चढवली. प्लेअर विझला, थरथरला आणि पेटला. पण उलटा! अक्षरं डोक्यावर उभी. पुढचं गाणं लावावं तर मागचं लागे, आवाज वाढवावा तर कमी होई. जुनी फाइल परत घालायला गेल्या, तर प्लेअर तिला ओळखच देईना.

पेपर हलू लागला.

"हसताय?"

"छे! बातमी वाचतोय."

"जाहिरातींच्या पानावर?"

तेवढ्यात धाकटी दारात. "झालं का हो?"

वीस वर्षांची अब्रू तळहातावर होती. जाऊबाईंनी प्लेअर शांतपणे फिरवून धरला. अक्षरं सरळ झाली, बटणं ताळ्यावर आली. फक्त इयरफोनचं भोक खालून वर आलं.

"हे बघ. खिशात ठेवला की वायर सरळ वर निघते. कुठे मुडपायची भानगड नाही."

धाकटीने आपला प्लेअर खिशात घालून पाहिला. वायर मुडपली, आणि तिचा चेहरा उतरला.

"माझाही असा करून द्या ना."

पेपर खाली आला. जाऊबाईंनी चष्मा चढवला, धाकटीचा प्लेअर उलटसुलट केला, कानाशी नेऊन हलवला आणि हळूच परत दिला.

"केला असता गं. पण तुझ्या मॉडेलला नाही झेपायचं."

आजारी लेकराला धरावं तसा प्लेअर उराशी धरून धाकटी निघून गेली.