अण्णांचा भाडेकरू

आमच्या समोरच्या लॉजचे भीमाअण्णा रोज सकाळी देवीला हात जोडून झाले की काउंटरवरच्या संगणकापुढं येतात आणि खेकसतात, "उठला का भाडेकरू?"

भाडेकरू म्हणजे खोल्यांचं बुकिंग सांभाळणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर. त्याचे पैसे दरमहा भरावे लागतात, आणि अण्णांचं दुखणं नेमकं तेच. "माझ्याच घरात ऱ्हायचं अन् भाडं माझ्याकडूनच घ्यायचं! असला भाडेकरू बघितलाय का कुठं?" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस तुळजापुरात उरलेला नाही. माझं कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान समोरच, त्यामुळं मला ते चहाबरोबर मिळतं. "पंखा घेतला, पंखा माझा झाला. ह्याचं भाडं चुकलं की हा माझ्याच लॉजला कुलूप घालणार!"

मग घेतलंत कशाला? तर सोलापूरच्या जावयानं बसवून दिलं. अधिक महिन्यात आपण जावयाला वाण देतो. अण्णांच्या नशिबी उलटं आलं. आणि जावयाला नाही म्हणायची आपल्याकडं सोय नाही.

भांडण पेटलं ते एक नंबरच्या खोलीवरून. दाराजवळची ही खोली अण्णा कुणाला भाड्यानं देत नाहीत. त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, तसा नेमच होता. यात्रेच्या गर्दीत जागा न मिळालेली एखादी म्हातारी, एखादी लेकुरवाळी दारात आली, तर तिला माघारी धाडायचं नाही. काकू गेल्या, पण अण्णांनी नेम मोडू दिला नाही.

भाडेकरूला हे कोण सांगणार? नवरात्रात त्यानं रिकामी दिसली म्हणून ती खोली परस्पर देऊन टाकली. घेणारे सहकुटुंब दारात हजर, आणि आत बेंबळीची एक आजी गुडघ्यांना तेल चोळत बसलेली. अण्णांनी पाहुण्यांना स्वतःच्या घरात झोपवलं, आपण बाकड्यावर पडले आणि सकाळी कंपनीला फोन लावला.

पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्याकडे खोली एकतर रिकामी असते, नाहीतर बुक असते."

"माझ्याकडं राखलेलीबी असते."

"तसं बटण नाही, सर. दुरुस्तीला काढलीय असं दाखवा."

"चांगल्या खोलीला मोडकी म्हणू? देवीच्या गावात? बटण बसवा!"

आणि इथं अण्णांना साक्षात्कार झाला. "विकत घेतलं असतं तर तुमी पैसे घेऊन पसार झाला असता. आता दर म्हैन्याला भाडं घेता न्हवं? मग दर म्हैन्याला माझं ऐकावं लागंल!"

ज्या भाड्याच्या नावानं इतकी बोटं मोडली, तेच त्यांनी हत्यार केलं. पैसे भरले की लगेच फोन. "भाडं पोचलं. बटण कुठाय?" पलीकडच्या मुली बदलल्या, साहेब बदलले, अण्णा काही बदलले नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, दगडावर डोकं आपटताय."

"दगड न्हाय, भाडेकरू हाय. ऐकंल."

आणि ऐकलं की! एका सकाळी पडद्यावर एक नंबरची खोली पिवळीधमक झाली, खाली शब्द आला, 'राखीव'. "आई राजा उदो उदो!" अण्णा असे गरजले की समोर माझ्या हातातलं कुंकू सांडलं. गल्लीभर पेढे वाटले. आता हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक लॉजला ते पिवळं बटण आहे, आणि ते आमच्या अण्णांचं आहे!

खोली कुणासाठी राखली, त्याचं नाव आणि फोन नंबर मात्र भरावाच लागतो. अण्णांनी काकूंचा भरलाय. देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलेल्या काकूंच्या जुन्या फोनवर रोज मेसेज येतो, "शांताबाई, आपली खोली तयार आहे."

"अण्णा, तो मेसेज बंद करता येतो," परवा मी म्हणालो.

"ठावं हाय." अण्णांनी फोन सदऱ्याला पुसून जागेवर ठेवला. "तिला कळाय नको व्हय, खोली राखलीय म्हणून?"

अण्णांचं सकाळचं खेकसणं अजून तसंच आहे. पण भाडं थकलं तर मेसेज बंद पडेल, म्हणून ते आता सगळ्यात आधी भाडं भरतात.