बेर्न्ड आला की मध्ये

कुठलंही काम माणसांत नीट वाटून देण्यात माझा हात धरणारा कोणी स्टुटगार्टमध्ये तरी नाही, असं मी २००७च्या सप्टेंबरपर्यंत मानत होतो. मी मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत असेंब्ली लाइनचे तक्ते करायचो. कोणी फक्त बोल्ट लावायचे, कोणी फक्त आवळायचे. आवळणाऱ्यानं बोल्टला हात लावला की माझं डोकं फिरायचं.

आमचे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, केसलर हे फावल्या वेळात एका हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच होते. संघ त्या वर्षी तळाला होता. शेवटची मॅच हरली की खालच्या लीगमध्ये रवानगी. एके दिवशी माझा तक्ता बघता बघता ते म्हणाले, "आल्झो, हेर मोहोळकर, आमच्या संघाचाही असा तक्ता होईल का?"

मी म्हणालो, "त्यात काय. दोन दिवस द्या."

मला त्या खेळातलं एवढंच ठाऊक होतं की चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, आणि समोरचे अकराजण तुम्हाला आडवं करायला टपलेले असतात. बॉल छातीशी धरून पळणाऱ्या गड्याला रनिंग बॅक म्हणतात. आमच्याकडे असे तिघं होते. बेर्न्ड खाटीक, वजन एकशे अठरा किलो. टिलो पोस्टमन, अंगानं काडी, पण वाऱ्यासारखा. आणि योआखिम, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, लांब हातांचा. हे तिघं आलटून पालटून सगळंच करत होते, आणि सगळंच वाईट करत होते.

मी तक्ता केला. मधून घुसायचं तर फक्त बेर्न्ड. कडेनं पळायचं तर फक्त टिलो. फेकलेला बॉल झेलायचा तर फक्त योआखिम. एकानं दुसऱ्याच्या कामाचा सरावसुद्धा करायचा नाही. केसलरसाहेबांचे डोळे भरून आले. "गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. "गेनाऊ."

मॅच रविवारी दुपारी होती. समोर कार्ल्सरूहेचा संघ. माझा पराक्रम बघायला मी बायकोला, स्वरूपाला, घेऊन गेलो आणि सासूबाईंना, यमुनाबाईंनाही. त्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त. हा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दोघी चकल्यांचा डबा घेऊन प्रेक्षकांत बसल्या आणि मी केसलरसाहेबांशेजारी बाकावर.

दहा मिनिटं बरी गेली. मग बेर्न्ड मैदानात शिरला आणि मागून सासूबाईंचा खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला. "मध्ये."

बेर्न्ड मध्ये घुसला. तिथे सातजण त्याची वाट बघत उभे होते.

टिलो आला. "कडेनं." टिलो कडेनं पळाला आणि कडेच्या कुंपणावरून पलीकडे पडला. योआखिम आला. "आता फेकणार."

शेजारच्या जर्मन आजोबांना मराठी येत नव्हतं, पण जर्मनमध्ये मध्याला 'मिट्टे' म्हणतात. मध्ये आणि मिट्टे यांत फरक तो कितीसा. पुढच्या वेळी बेर्न्ड उठला तेव्हा आजोबा आणि सासूबाई एकदमच बोलले. त्यानंतर सगळी रांग. अर्ध्या तासात दोनशे जर्मन माणसं बेर्न्ड दिसला की एका सुरात "मध्ये" म्हणत होती.

मध्यंतराला स्कोअर होता शून्य विरुद्ध तेरा. मी तरातरा वर गेलो.

"आई, तुम्ही आमचे डाव फोडताय."

"मी कुठे फोडते, उल्हासराव? तुमचा तो जाडा उठला की गावाला कळतं. ते कार्ल्सरूहेवाले माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ते त्याच्याकडे बघतात."

"तरीपण तुम्ही खाली माझ्याजवळ येऊन बसा."

"चला. इथे ऊनच फार आहे."

त्या डबा घेऊन बाकावर आल्या. इकडे मी केसलरसाहेबांना हुशारी सुचवली की आता कामं उलटी करू, समोरचे फसतील. समोरचे खरंच फसले. बेर्न्ड आला, सातजण मध्ये जमले आणि बॉल फेकला थेट बेर्न्डकडे. त्यानं आयुष्यात बॉल झेलला नव्हता. तो छातीवर आपटून उडाला, तो कार्ल्सरूहेच्या गड्यानं पकडला आणि धावत जाऊन सात गुण घेतले. मग योआखिमच्या हातात बॉल देऊन पळायला सांगितलं. त्याला वाटलं चुकून आपल्याकडे आला. त्यानं तो सभ्यपणे देणाऱ्याला परत केला.

शून्य विरुद्ध वीस. केसलरसाहेब माझ्याकडे बघेनासे झाले. मला वाटलं, सोमवारी ऑफिसात माझं टेबल जिन्याखाली असणार.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्यांचा बावीस नंबर बघितलात? बॉल त्याला मिळणार असला की आधी पँट वर ओढतो. आणि त्यांचा तो फेकणारा, फेकायच्या आधी बोटं चाटतो."

"असं कसं कळलं तुम्हाला?"

"कॉपी करणारं पोर आधी पट्टा सारखा करतं. बत्तीस वर्षं तेच बघितलंय."

केसलरसाहेबांनी विचारलं, "काय म्हणतात त्या?" मी सांगितलं. बुडत्याला काडी पुरते. पुढच्या डावाला त्यांच्या फेकणाऱ्यानं बोटं तोंडात घातली, सासूबाई म्हणाल्या "चाटली", मी जर्मनमध्ये ओरडलो, आमचे गडी मागे सरले, आणि बॉल अलगद आमच्याच हातात आला. आमचा माणूस तसाच पळत सुटला तो रेषेपार. असं तीनदा झालं. शेवटच्या वेळी तर त्या चकली चावत होत्या, म्हणून नुसतं बोट दाखवलं.

एकवीस विरुद्ध वीस. संघ वाचला. एकवीसच्या एकवीस गुण बचाव करणाऱ्यांनी मिळवले. माझे तिन्ही तज्ज्ञ तोवर बाकावर बसून चकल्या संपवत होते. ते काम मात्र तिघांनाही सारखंच जमत होतं.

सोमवारी ऑफिसच्या फलकावर केसलरसाहेबांनी स्वतः केलेला नवा तक्ता लागला. बचाव सल्लागार, फ्राऊ यमुना. त्याखाली बारीक अक्षरात, दुभाषी, हेर मोहोळकर.

त्या परत जाईपर्यंत दर गुरुवारी सरावाला मला त्यांच्यासोबत जावं लागलं. त्या बोलायच्या, मी भाषांतर करायचो, पोरं वहीत लिहून घ्यायची. स्वरूपाकडे त्यांची एकच तक्रार होती. जावई बाकी नीट सांगतात, पण दरवेळी एक वाक्य गाळतात.

खरं आहे. दर सरावाची सुरुवात त्या "हे सगळं मुळात आमच्या जावयांनी बिघडवलंय" अशी करायच्या, आणि त्या जागी मी जर्मनमध्ये "शुभ संध्याकाळ" म्हणायचो.