पाच जणांची विचारपूस

आवाज न चढवता एखाद्याच्या दारात सव्वीस माणसं कशी उभी करावीत, हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. फक्त दुपारी बारानंतर. त्याआधी माझं मौन असतं.

मौनाचं कारण सांगते. बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत मी अठ्ठावीस वर्षं बसले. "गाडी कधी येणार?" या एकाच प्रश्नाला इतक्यांदा उत्तर दिलं, की निवृत्त झाल्यावर देवासमोर हात जोडून म्हटलं, "बाबा रे, या जन्माचं बोलणं बहुतेक संपलं." तेव्हापासून उठल्यापासून बारापर्यंत तोंड बंद. दुसरं व्रत असं, की पाच माणसांची विचारपूस केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. बारा वाजले की फोन घेऊन बसते, पाच जणांना "बरे आहात ना?" विचारते, मग जेवते. कधी पाचवं माणूस फोनच उचलत नाही. मग जिन्यात जाऊन उभी राहते. खालच्या इस्त्रीवाल्याला अधूनमधून दिवसातून दोनदा बरं असावं लागतं, ते यामुळे!

तर माझी भाची अ‍ॅप बनवते. एकट्याने प्रवासाला निघालेल्यांनी त्यावर एकमेकांना शोधायचं, बोलायचं, वाटलं तर भेटायचं. तिची कचेरी म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या आणि कासव. कासव म्हणजे तिचा प्रोग्रॅमर. पाठीवरची बॅग जेवतानासुद्धा काढत नाही, म्हणून कासव.

अडचण एवढीच होती, की अ‍ॅपवर कोणी बोलतच नव्हतं! पन्नास जणांनी नावं नोंदवली, छान छान फोटो लावले आणि गच्चीवरच्या मांजरांसारखे एकमेकांना बघून तोंडं फिरवून बसले. भाची रडकुंडीला आली. अ‍ॅपमध्ये पैसे घालायचे की नाही, याचा होकार-नकार एका प्रवासी कंपनीचे मालक सोमवारी कळवणार होते. नकार आला की खोली सोडायची आणि परत जुन्या नोकरीत जायचं, जिथे शिंक आली तरी साहेबांकडे अर्ज करावा लागे.

"मावशी, तू कोणालाही बोलतं करतेस. कसं गं जमतं तुला?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुपारचा दीड वाजला होता!

"माझं व्रत लाव तुझ्या अ‍ॅपला," मी म्हटलं. "आठ दिवसांत माणसं बोलायला नाही लागली, तर मी तुझी मावशी नाही!"

नियम मी माझ्या हाताने वहीत लिहून दिले. सकाळी अ‍ॅप उघडलं, की आधी पाच जणांना "बरे आहात ना?" विचारायचं, मगच नकाशा दिसेल. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याचं नाव सगळ्यांच्या यादीत वर चढेल. तीनदा विचारूनही उत्तर नाही, तर जो जवळ असेल त्याने जाऊन बघायचं.

कासव म्हणालं, "मावशी, तुम्ही तर डिझायनर निघालात!"

मी लाजले. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं तर तळघरात होतं.

शनिवारी चाचणी ठरली. एका डोंगरगावात पन्नासही जण एकेकटे जाणार होते. भाची आणि कासवसुद्धा गेले, तेही वेगवेगळ्या गाड्यांनी. "एकट्याच्या अ‍ॅपची परीक्षा जोडीने घेतली तर पाप लागेल," असं कासवाचं म्हणणं. कचेरीत कॉम्प्युटरसमोर मी एकटी. आणि कोणाला न सांगता त्याच गावात येऊन उतरले होते ते मालक!

त्यांना आम्ही पाठीमागे 'एकांडे शिलेदार' म्हणायचो. तीस वर्षं ते एकटे हिंडले. लिफ्टमध्ये कोणी दिसलं की जिना चढतात. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही ते एकटेच आहेत, असं कासव शपथेवर सांगतं. शिलेदारांनी शुक्रवारी अ‍ॅपवर नाव घातलं, लॉजवर खोली घेतली, फोनचा आवाज बंद करून तो उशीखाली सारला आणि गाढ झोपले.

शनिवारी सकाळी नऊपासून अ‍ॅप नुसतं किलबिलू लागलं. "बरे आहात ना?" "हो, तुम्ही?" "नाश्ता झाला?" मला भरून आलं. साडेनऊपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. एकाचं सोडून! ते एक नाव पन्नास जणांच्या यादीत शेंड्यावर जाऊन बसलं. नाव वाचलं आणि माझ्या हातातली जपमाळ गळून पडली.

दहा वाजता भाचीचा फोन.

"मावशी! सगळी वरात लॉजकडे निघालीये! थांबव ते!"

आमची खूण ठरलेली आहे. रिसीव्हरवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मी दोन वाजवल्या.

"नाही काय? विचारपूस थांबवायचं बटण ठेवलं असशील ना?"

टक, टक.

आता तुम्हीच सांगा, विचारपूस थांबवायचं बटण असतं, हे सुचणार कोणाला?

मग मी शहाणपणा केला. सगळ्यांना एकदम संदेश धाडला: "सर्व ठीक आहे. कृपया त्या खोलीकडे कोणीही जाऊ नये."

तोवर नऊच माणसं निघाली होती. संदेश वाचून सव्वीस झाली! "कोणीही जाऊ नये म्हणतायत, म्हणजे नक्की काहीतरी झालंय!" पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका, एकाने नुसता दोर आणला होता. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. दाराला खांदा लावणार, तेवढ्यात दार उघडलं. समोर शिलेदार. एका गालाला साबण, हातात वस्तरा. सव्वीस जण एका सुरात म्हणाले, "बरे आहात ना?"

सव्वाअकराला कचेरीतला फोन वाजला. दुसरं कोणी नव्हतं, उचलावाच लागला.

"कोण बोलतंय?" डरकाळी आली.

कोणीच बोलत नव्हतं.

"हे काय अ‍ॅप आहे? माणसाने दाढीही करू नये? वस्तरा हिसकावून घेतला माझ्या हातातून! डॉक्टर म्हणून आला तो दात मोजून गेला! त्या बाईंनी मला अंगठे धरायला लावले!"

मी ऐकत होते. डोळ्यांसमोर भाचीची रिकामी खोली. पण बाराला अजून अवकाश होता. वीस मिनिटं ते बोलले. मग आवाज जरा खाली आला.

"आणि आता गेले कुठे, माहीत आहे? धबधब्यावर! सगळे मिळून! व्हरांड्यात चहा प्यायले, ओळखी झाल्या, आणि हसत-खिदळत निघाले. मला कोणी विचारलं? कोणी एकाने म्हणावं ना, की चला!"

मी गप्प.

"ऐकताय ना?"

टक.

"अं... बरं. तीस वर्षांत मध्ये न बोलता कोणी एवढं ऐकलं नाही माझं." मग घसा खाकरून त्यांनी लहानपणी सहलीच्या बसमधून मागे राहिल्याची गोष्ट सांगितली. ती बरीच लांब होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.

"जेवलात का?" मी हळूच विचारलं.

पलीकडे आता मौन.

"...नाही."

"मग धबधब्यावर जा. सव्वीस जणांत डबा कोणीतरी आणलाच असेल. आणि चला म्हणायची वाट बघू नका, 'मीही येतो' म्हणा."

ते गेले. सोमवारी होकारही आला. भाची माझ्या गळ्यात पडली, कासवाने आनंदाने बॅग काढली आणि लगेच परत घातली. होकारासोबत अट एकच होती.

ती अशी, की आता रोज सकाळी नऊ ते बारा जगभरातले एकटे प्रवासी मला फोन करून भांडतात. मी ऐकते, मधूनमधून टिचकी वाजवते. माझ्या मौनाला अ‍ॅपमध्ये 'तक्रार निवारण कक्ष' म्हणतात, आणि लोकांनी सगळ्यात जास्त तारे त्यालाच दिले आहेत.

मी लिहिलेल्या नियमांना एक तारा आहे. तोही इस्त्रीवाल्याने दिलाय.