भागाबाई वाकली!

आमच्या इंदूरकडच्या लालबागात कोणालाही विचारा, भागाबाई कोणापुढं वाकत नाही! शाळेत मी चार महिने गेले. मास्तरानं ओणवं उभं राहायला सांगितलं, तर पाटी उचलून घरी आले ती आलेच. देवाला वाकते, तेही इच्छापूरच्या देवीला. बाकी सगळ्यांना नुसती मान हलवते.

माझी थोरली जाऊ धुरपदाबाई जसोंडीला राहते. तिच्या पाया पडणं मी बावीस वर्षांपूर्वी बंद केलं. एका हळदीत, भरल्या मांडवात ती बोलली होती, "आधी भागाचं पोट दारातून येतं, मग मागून भागा येते!" सगळा मांडव खदखदला. मी तिथंच सांगितलं, "बाई, आता मेले तरी तुमच्या पायाला हात लावणार नाही!"

आता माझ्या धाकट्या श्रीकांतचं लग्न ठरलं. हातात पाच आठवडे. मी ठरवलं, मांडवात जाईन तर सपाट पोटानं! सून निर्मलाला घेऊन गुपचूप इंदूर गाठलं. गल्लीत सांगितलं, डोळे दाखवायला चालले.

डॉक्टर भला माणूस. बोलला, "माताजी, ढीली चमड़ी निकालेंगे, अंदर का पेट कसेंगे. ये वजन घटाने का ऑपरेशन नहीं है. निशान रहेगा. सूजन छह महीने भी रह सकती है. दो-तीन हफ्ते झुककर चलना पड़ेगा."

मी सगळ्याला हो म्हटलं. ऐकलं फक्त 'निकालेंगे'! शिंपी झंपर आत घेतो ते संध्याकाळी घालून जाता येतं, मग पोटाचंच काय मोठं?

ऑपरेशन झालं. घरी येऊन आरशात पाहते तर पोट पहिल्याहून फुगलेलं! पट्ट्यात असं आवळलेलं, जसा केळीचा घड पोत्यात कोंबला.

"निर्मला, डॉक्टरनं काढायचं सोडून आत काही ठेवलं का वं?"

"आत्याबाई, सूजन आहे ती. डॉक्टरनं पहिलेच बोललं होतं ना!"

"बोलला असंल! त्याचं बोलणं गुंडाळून जाऊ का मी मांडवात?"

वजन केलं, तर दोन किलो कमी. दोन! अन् वरून सरळ उभं राहता येईना. जरा ताठ झालं की टाके ओढायचे. घरभर फिरायची ती हरवलेली सुई शोधल्यासारखी.

आठव्या दिवशी दारात धुरपदाबाई! घरचं लग्न, थोरल्या जावेला मुहूर्त विचारल्याशिवाय मांडव घालत नाहीत, म्हणून आली. मी म्हटलं, लांबूनच 'या, बसा' म्हणावं. उठले, पण अर्धीच उठले. डोकं थेट तिच्या गुडघ्यापाशी! डोळ्यांपुढं तिचे दोन पाय, जोडव्यांसकट.

"माय माय माय!" धुरपदाबाई ओरडली. "भागा वाकली!"

"बाई, तसं नाही..."

"उठ, उठ! मी तुला कधीचंच माफ केलं!" असं म्हणून ती माझे खांदे धरून मला सरळ करायला लागली!

"मोठ्या आत्याबाई, छोडो! ओढू नका त्यांना!" निर्मला किंचाळली.

"का नको? माझी जाऊ आहे ती!" अन् घट्ट मिठी मारली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते होतं टाक्यांचं. दारातल्या बायांना वाटलं, पश्चात्तापाचं!

आता करता काय? खरं सांगावं तर भागाबाईनं पोट कापून घेतलं हे गावभर. न सांगावं तर भागाबाई वाकली हे गावभर. मी पट्ट्यावर पदर ओढला अन् निर्मलाला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चुलतसासू गोदाबाई हजर. "भागा पाया पडते म्हणे! मग आमचा मान कुठं गेला?" तिच्यामागं शेजारची म्हातारी रंभाबाई. मोठ्या माणसांपुढं बसून राहणं बरं नाही, म्हणून मी उठायची, अन् उठले की वाकलेलीच! गोदाबाईनं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "अष्टपुत्रा हो!" आठ पुत्र! ज्या पोटाला आत्ताच शिवून बंद केलं, त्याला!

तिसऱ्या आठवड्यात पाठ जरा वर आली, तसा माझा ताठाही वर आला. धुरपदाबाई पुन्हा आली. मी चहा दिला अन् सांगून टाकलं.

"बाई, मी तुमच्या पाया पडले नव्हते! पोटाचं ऑपरेशन झालंय माझ्या. वाकले ती टाक्यांनी!" पदर सारून पट्टाच दाखवला.

ती बशीतला चहा फुंकत बोलली, "माहीत आहे. मिठी मारली तेव्हाच पट्टा हाताला लागला. आमच्या पोराला, कडूला, हर्नियाच्या ऑपरेशनला असाच होता."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलले असते, तर 'भागा वाकली' हे गावभर झालं असतं का?"

तिनं बशी खाली ठेवली.

"पाठ कधी सरळ होईल म्हणे?"

"चार-आठ दिवसांत."

"अन् लग्नाला बारा आहेत. भागा, एवढं एक कर. मांडवात जराशी वाकूनच ये. जसोंडीची सगळी भावकी बघायला येतेय!"

मी फटकन बोलले, "अजिबात नाही!"

अन् लग्नाच्या दिवशी, बायांनो, वाकले. पाठ चांगली सरळ झाली होती, बरं का! पण सूज होती तशीच, अन् वाकलं की ती दिसत नाही.