निळ्या बर्फपेटीची मोहीम

सौभाग्यवती मार्लिसबाई सॉल्बर्ग यांचे आज्ञेवरून, शेजारी या नात्याने कुंपणावरून जे पाहिले आणि गॅरेजात उभे राहून जे ऐकले, तितकेच प्रमाण धरून हे वर्तमान लिहिले. पदरचे मीठमसाला काही नाही. असल्यास थोडे.

मिनेसोटा प्रांती, सॉक नदीचे काठी, मार्लिसबाईंचे यजमान राजश्री डेल सॉल्बर्ग शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून सुखे नांदत असता पोटी एकच शल्य होते. श्वशुर अल्विन श्रोडर, चाळीस वर्षे बिअरच्या कारखान्यात भट्टीचे मुख्य, यांनी बावीस वर्षांत जावयाचे एकाही कामास बरे म्हटले नव्हते. डेलरावांनी त्यांचे छप्पर शाकारले, गप्प. होडी नीट केली, गप्पच. सबब त्यांचे ऐंशीवे वाढदिवसास जवापासून बिअर स्वहस्ते करावी आणि एक बरा शब्द जिंकावा, ऐसी मसलत ठरली.

भरडलेले जव ऊन पाण्यात मुरवावे, मग वरून ऊन पाणी शिंपीत खालून गोड काढा उतरवावा, इतकेच काम. परंतु त्याचे यंत्र दुकानातून आणणे डेलरावांस कमीपणाचे वाटले. मग मासेमारीची निळी बर्फपेटी, जी थंडीप्रमाणे ऊबही राखते, ती किल्ला म्हणून मुक्रर केली, आणि तांब्याचे नळीस करवतीने चिरा पाडून ती तळाशी बसविली, आणि बाहेर तोटी लाविली, आणि शिडीवर पाण्याचे पातेले चढवून त्यास रबरी नळीने न्हाणीघरातील शॉवर जोडिला.

"डेल, माझा शॉवर कुठाय?" मार्लिसबाईंनी आतून पुकारा केला.

"मोहिमेवर गेलाय!"

शनिवारी सकाळी मोर्चे लागले. अल्विनसाहेब घडीची खुर्ची टाकून, टोपी डोळ्यांवर ओढून बसले. डेलरावांनी उत्साहाचे भरात जव दोनदा भरडले होते, त्याचा पिठूळ चिखल होऊन नळीच्या चिरा बुजल्या. तोटी उघडिली तो तीन थेंब आले आणि किल्ला बंद जाहला.

"मी काही सांगू का?" अल्विनसाहेब.

"नको नको, तुम्ही बसा आरामात."

आमचे मुलुखी मदत दोनदा नाकारावी आणि तिसऱ्यांदा घ्यावी, हा कायदा. आपण होऊन मागणे तर बेअदबीच. थोडे वेळाने साहेबांनी पुन्हा पुसले.

"आता सांगू?"

"अहो कशाला उगाच त्रास! होईल हळूहळू."

दोन नकार रीतसर पुरे जाहले, आणि ऐन समयी अल्विनसाहेब उठून सॉसेज खावयास आत निघून गेले! इकडे पेटीतील ऊब उतरत चालली, डेलराव उष्णतामापकाच्या काट्याकडे पाहून घामाघूम. मज त्यांची खरोखर दया आली.

"डॅड, तिसऱ्यांदा विचारा ना! तो तिकडे मरतोय." आतून मार्लिसबाईंचा आवाज आला.

"खाऊन होऊ दे. मोहरीची चटणी संपली का गं?"

मग तोंड पुसून साहेब बाहेर आले, आणि पेटीत डोकावले.

"तर मग, सांगू का?"

"आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर…" डेलराव म्हणाले.

फर्मान सुटले: शॉवर उतरवून तीच रबरी नळी तोटीस जोडावी, ऊन पाणी खालून वर चढवावे, जव सैल होताच हलके ढवळून पाव तास हात लावू नये. तैसे केले. शॉवर पुन्हा वर चढला, तोटी किंचित उघडिली. प्रथम गढूळ आले, ते परत वर ओतले, आणि मग मधाचे रंगाची नितळ धार लागली ती लागलीच.

अल्विनसाहेबांनी चहाचे कपात घोटभर काढा घेतला, तोंडात घोळविला.

"वाईट नाही."

याहून थोर शब्द आमचे मुलुखी कोणी कोणास दिल्याचा दाखला नाही. डेलराव नाक शिंकरावयास गॅरेजामागे गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

येणेप्रमाणे किल्ला फत्ते जाहला. मार्लिसबाईंनी शॉवर परत मागितला, तो मात्र नामंजूर.

"राहू दे तिथंच," अल्विनसाहेब खुर्चीची घडी करीत म्हणाले, आणि खुर्ची गाडीत न ठेविता गॅरेजाचे भिंतीस लाविली. "पुढच्या शनिवारी येतोय मी."