संग्रह अपुरा आहे

बन्सीधररावांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी बँकेच्या छापील परिपत्रकालाही ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहे’ असं कळवणारा हा माणूस. परभणीच्या वकिलांच्या ग्रंथालयात ते जन्मभर ग्रंथपाल होते, आणि ते एक पत्र त्यांनी जिथं ठेवलं होतं ती जागा तिजोरीहून पक्की होती: निजामाच्या काळातल्या उर्दू फैसल्यांचा सातवा खंड. अख्ख्या कोर्टात उर्दू वाचणारे आता ते एकटेच उरले होते. त्या खंडाला दुसरं कोण हात लावणार?

हात लावला वैदेहीनं. जुन्या पुस्तकांची वेबसाइट करायचं काम वकिलांनी तिच्याकडे दिलं होतं. ती एकेका पानाचा फोटो काढायची आणि निवृत्त झालेले बन्सीधरराव शेजारी बसून पुस्तकांची नावं सांगायचे. नेमके सातव्या खंडाच्या दिवशी ते तापानं घरी झोपून राहिले. संध्याकाळी वैदेहीचा निरोप आला, “काका, वेबसाइटचं पहिलं पान पाठवलंय. बघून सांगा.” ते पान मोबाइलवर उघडायचं कसं, हे त्यांना कळेना. विचारायची लाज वाटली. त्यांनी न बघताच कळवलं, “फार छान.”

उद्घाटनाला बाररूम भरली होती. पडद्यावर पहिलं पान झळकलं. वर लिहिलं होतं ‘आमच्या दुर्मिळ संग्रहातून’, आणि खाली निळ्या शाईतलं सुबक मराठी अक्षर:

‘ग्रंथपाल यांस, तुम्ही सगळ्यांच्या पुस्तकांवर परतीची तारीख टाकता, माझ्या टाकत नाही. त्यावरून माझा एक समज झाला आहे. तो चूक असेल तर आठ दिवसांत कळवावे. प्रभावती. १२ जुलै १९८९.’

“ही कुठल्या निकालाची नजीर लावली गं?” ओमप्रकाश वकिलांनी चष्मा वर केला.

“सगळा संग्रह उर्दूत, सर. लोकांना वाचता येईल असं एवढंच सापडलं. अक्षर बी लय सुंदर हाय,” वैदेही म्हणाली. “काकांनी बघून छान म्हणलं की!”

सगळ्या माना बन्सीधररावांकडं वळल्या. ते खुर्चीत जेवढं आक्रसता येईल तेवढं आक्रसले होते.

“प्रभावती म्हणजे त्या सेलूहून रेल्वेनं येणाऱ्या टायपिस्ट बाई ना? अन् तवा ग्रंथपाल तर तुमीच होतात! काय उत्तर दिलं?” ओमप्रकाश वकिलांनी विचारलं.

“न्हाई दिलं.”

“मुदतीत उत्तर न्हाई म्हणजे मजकूर कबूल!” ओमप्रकाश वकिलांनी टेबलावर थाप मारली.

“कशाचं कबूल?” योगीराज वकील उठलेच. “ती काय नोटीस होती का? बाईनं नकारच धरला असंल.”

“पण समज चूक नव्हता,” बन्सीधरराव हळूच म्हणाले. “चूक असेल तर कळवा, असं लिहिलंय. चूक नव्हती. मग कळवायचं काय?”

दोन्ही वकिलांनी पडद्यावरचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं.

“अवो, पण इतकी वर्षं?” योगीराज वकिलांनी विचारलं.

“नवव्या दिवशी वाटलं, चूक न्हाई हे बी कळवावं. लिहायला बसलो. अकरा मसुदे झाले. मग वाटलं, उशिराचं कारण बी लिहावं लागंल. ते कारण दरवर्षी वाढतच गेलं.”

योगीराज वकील खाली बसले. “सेलूत आमच्या आत्याच्या गल्लीत राहतात त्या,” ते म्हणाले. “लग्न न्हाई केलं त्यांनी बी.”

पत्र वेबसाइटवरून काढ, हे वैदेहीला सांगायचा धीर गोळा करायला बन्सीधररावांना दोन दिवस लागले. “बाई, त्यांच्या नजरेला पडलं तर काय वाटंल त्यांना? पाया पडतो, काढ ते.”

“काढते की. अगुदर हे बघा.” तिनं लॅपटॉप फिरवला. अभिप्रायाच्या चौकटीत पहिलाच अभिप्राय आला होता.

‘पत्र माझे आहे. काढू नये. मात्र त्याचे उत्तर जोडलेले दिसत नाही. संग्रह अपुरा आहे. प्रभावती, सेलू.’

बन्सीधररावांनी तो तीनदा वाचला. “कशा हायत, ते काही लिहिलंय का?”

“न्हाई. पण खाली पुरा पत्ता दिलाय. पिनकोडसकट.” वैदेहीनं की-बोर्ड पुढं सरकवला. “टाका इथंच उत्तर.”

“इथं? साऱ्या जगाच्या देखत? न्हाई बाई.”

बारावा मसुदा दोन ओळींचा झाला. ‘आपला समज बरोबर होता. अजूनही आहे.’ खाली जन्माच्या सवयीनं त्यांनी लिहून टाकलं, ‘काही चूक असल्यास कळवावे.’ आणि ते तडक पोस्टात गेले. पाकिटाला डिंक लावता लावता त्यांचा हात थबकला. बाईंना यात चूक सापडली नाही तर? त्या तरी मग कशाला कळवतील?

“काका, मागं लोक खोळंबलेत,” खिडकीतून पोस्टातल्या राजेश्रीबाई म्हणाल्या.

“एक मिनिट, बाई. पेन देता का?”

शेवटची ओळ खोडून त्यांनी लिहिलं, ‘चूक असो वा नसो, कळवावेच.’ पाकीट चिकटवलं, दोनदा दाबलं आणि खिडकीतून आत सरकवलं. राजेश्रीबाईंनी ओढून पाहिलं. ते येईना.

“काका,” त्या हसू दाबत म्हणाल्या, “सोडा आता.”

त्यांनी सोडलं.