आक्काने ‘हं’ म्हटल्याशिवाय

आमच्या बागूल अण्णांना पुण्याच्या एका एजन्सीने फसवलं. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण वकील म्हणाला लिहू नका. पैसे बुडवले असंही कोणी समजू नये. माझे पैसे बुडवणं कोणाला जमत नाही. त्यांनी जे नेलं त्याचं बिलच करता येत नाही, म्हणून तर माझं डोकं फिरलं आहे.

अण्णा, म्हणजे देवराम बागूल, मूळचे सटाण्याचे. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर इतर लोक बागेत चकरा मारतात तेव्हा हे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागले. मीही सटाण्याचीच. वडील कांद्याच्या अडत्याकडे तोलाईला होते. भाव कसा पाडतात आणि पाडणाऱ्याला कसं गप्प बसवतात, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. नाशिकला येऊन कोर्टाबाहेर टायपिंग केलं, मग अनुवादाची कामं धरली, आणि गंगापूर रोडला स्वतःचं ऑफिस घेतलं. कामं मी आणायची, दर मी भांडून घ्यायचा आणि अनुवाद अण्णांनी करायचा, अशी आमची वाटणी. ते मला शेठाणी म्हणतात. कौतुकाने नव्हे.

तर अण्णांची तऱ्हा अशी. एक पान झालं की ते फोन उचलायचे आणि सटाण्याला थोरल्या बहिणीला, आक्काला, ते अख्खं पान मोठ्याने वाचून दाखवायचे. आई लवकर गेली, अण्णांना वाढवलं आक्कानेच. ती तिकडे लसूण सोलत ऐकायची. समजलं की ‘हं’ म्हणायची. ‘हं’ आलं की पान पास. नाही आलं तर अण्णा फोन ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि स्वतःलाच अहिराणीत विचारायचे, “हाई कोणले समजी?” म्हणजे हे कोणाला समजणार? आणि पान पुन्हा पहिल्यापासून.

गिऱ्हाईक तिकडे मेलवर मेल टाकतंय आणि इकडे आमचं काम सटाण्याच्या ओट्यावर अडलेलं. एकदा मी संतापून अण्णांच्या हातातला फोनच घेतला. म्हटलं, आक्का, जरा लवकर हं म्हणत जा, इथे माझा धंदा बसायची वेळ आली आहे. आक्काने आधी विचारलं, तू कोणाची गं? मी वडिलांचं नाव सांगितलं. मग वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, नाशकात कांदा काय भाव हे झालं, मला सासू आहे का हेही झालं. शेवटी म्हणाली, बरं, आता पुढलं वाच. आणि मी वाचलं. उभ्याने, चांगली दोन पानं. अण्णा खिडकीबाहेर बघत हसत होते.

एका कॉलेजने मला ‘यशस्वी फ्रीलान्स अनुवादक कसे व्हावे’ यावर बोलायला बोलावलं. मी पोरांना खरं ते सांगितलं: दर आपण आधी बोलायचा नाही, नमुना फुकट द्यायचा नाही, आणि ‘पुढे भरपूर काम देऊ’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. टाळ्या पडल्या. मग अण्णा उठले. म्हणाले, “घरात एक माणूस असं ठेवा, की ज्याला तुमचं काही कौतुक नाही.” आणि बसले. फुकट नमुने सगळ्यात जास्त वाटणारा हा माणूस! पण पोरं नंतर त्यांच्याच भोवती जमली.

या पुण्याच्या एजन्सीचं काम म्हणजे हॉस्पिटलची संमतिपत्रं. ऑपरेशनआधी पेशंटची सही घेतात ते कागद. पहिलाच कागद बायकांच्या ऑपरेशनचा; त्यात काय काय बिघडू शकतं याची लांबलचक जंत्री होती. अण्णांनी ती फोनवर वाचली. आक्काने ‘हं’ म्हटलं नाही. मग म्हणाली, “तिले पहिले बसाले सांग. पाणी पाज. नहीते पयी जाई ती.” तिला आधी बसायला सांग, पाणी पाज, नाहीतर पळून जाईल ती.

अण्णांनी कागदाच्या डोक्यावर लिहिलं: ‘बसून घ्या. पाणी प्या. मग वाचा.’

एजन्सी खवळली. मूळ इंग्रजीत हे नाही, काढा. अण्णा काढेनात. मी तासभर फोनवर भांडले, अण्णांसाठी नाही, आम्ही एकदा दिलेला माल परत घेत नाही म्हणून. तेवढ्यात, कागद आधीच वापरायला घेतलेल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं की हे वाक्य राहू द्या, बायका खरंच बसतात आणि प्रश्न विचारतात. राहिलं. पुढे अण्णांच्या प्रत्येक संमतिपत्रावर ते आलं. आत कुठेकुठे आक्काची आणखीही वाक्यं होती. ‘विचारायला लाजायचं नाही.’ ‘सोबतीला आलेल्यानेही जेवून घ्यावं.’

मग आक्का गेली.

अण्णा तेराव्यानंतर परत आले आणि कामं वेळेवर द्यायला लागले. एकही फाईल उशिरा नाही. इतकी वर्षं मी ज्यासाठी ओरडले ते मिळालं, आणि मला ते ऑफिस आवडेनासं झालं.

पुढे एजन्सीचा निरोप आला. अनुवाद आता यंत्र करेल, तुम्ही फक्त हात फिरवा. दर अर्थातच पडलेला. मी सरळ नाही म्हणून टाकलं. पण अण्णांनी नमुन्याची फाईल उघडली होती. फुकट, नेहमीप्रमाणे. कर्ज थकलेल्या माणसाला एका बँकेने धाडलेली नोटीस होती. आणि तिच्या डोक्यावर यंत्राने लिहिलं होतं: ‘बसून घ्या. पाणी प्या. मग वाचा.’

आमचीच संमतिपत्रं, वर्षानुवर्षांची, न विचारता यंत्राला चारली होती. मी हसले, मग पेटले. कोर्टात खेचते म्हटलं. अण्णा म्हणाले, “शेठाणी, काम घे.”

“या दरात? तुम्हाला लाज नाही वाटत?”

“घे,” म्हणाले. “आक्का बोलते आहे यात.”

घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता काम घेतलं.

पण त्या कामाची अट काय, तर यंत्राने पदरचं घातलेलं प्रत्येक वाक्य शोधून काढून टाकायचं, म्हणजे यंत्र ते शिकेल आणि पुन्हा करणार नाही. अण्णा खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. नोटिसा, विम्याचे कागद, मिक्सरची माहितीपत्रकं. मध्येच कुठेतरी आक्का सापडते. अण्णा ते वाक्य मोठ्याने वाचतात, स्वतःच ‘हं’ म्हणतात, आणि पुसतात. कारखान्यात शिस्तीत वाढलेला माणूस, अट म्हणजे अट. मी म्हटलं, राहू द्या एखादं, कोण बघतंय? म्हणाले, “कर्जाच्या नोटिशीत ते शोभत नाही. आक्कानेच हं म्हटलं नसतं.”

आता ती कमी येते. परवा दिवसभरात एकदाच आली.

मी एजन्सीला मेल टाकला. बहिणीचं बोलणं कोणाला विचारून नेलंत, आणि ते तिच्याच भावाच्या हातून पुसून का घेताय? लगेच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तेही यंत्रानेच लिहिलेलं.

हे चालणार नाही. पुण्याच्या त्या ऑफिसात ज्याने आमच्या फाईली यंत्रात टाकल्या त्याला नाव असेल, बहीणही असेल. त्याने स्वतः उत्तर द्यावं, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. मी ते ऑफिसात मोठ्याने वाचणार आहे. अण्णांनी ‘हं’ म्हटलं नाही, तर त्याने पुन्हा लिहावं.